परत गेलेली क्वे

ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या घरात वर्षअखेरीला गोड क्वे शिजत नाही. चिकट तांदूळ दळायचे नाहीत, काळी साखर विरघळवायची नाही, वाफेचं भांडं चुलीवर चढवायचं नाही. विकतही आणायची नाही, कारण दुखवट्याच्या घरात विकतची क्वे दिसली की गल्ली काय ते समजते: या बाईला विचारणारं कुणी उरलेलं नाही. क्वे शेजाऱ्यांनी आणून द्यायची असते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे ठेवायची, त्याचं खाऊन झालं की मग आपण खायची. आमच्या या समुद्रकाठच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या पोरीला नव्हतं. किंवा ठाऊक असून तिने कानाआड केलं होतं, आणि ते जास्त वाईट.

आमचे हे आठव्या महिन्यात गेले, साखरेने. आधी पायाचं बोट, मग पाऊल, मग सगळंच. मलाही तोच आजार, जरा उशिरा लागलेला. हे होते तोवर आम्ही दोघं मिळून भीत होतो, त्यात निदान सोबत तरी होती. सणाला गल्लीभर गोडाचा वास सुटला की हे अंगणात जाऊन पाठ करून बसायचे आणि मी आत भांडी घासत राहायची. ते गेले आणि सगळी भीती एकटीच्या पदरात टाकून गेले.

भीती तरी कसली, विचारा. गोड दिसलं की आधी तोंडाला पाणी सुटायचं आणि लगेच तळव्यांना घाम. नववर्षाला कुणाकडे गेलं की गोडाचं तबक पुढे येतं. "गोड खा, गोड वर्ष जाऊ दे" म्हणून पुढे आलेल्या तबकाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. मग मी एक गोळी उचलायची, गालात धरायची, चार आशीर्वादाचे शब्द बोलायची आणि बाहेर पडले की कोपऱ्यावर रुमालात थुंकायची. सत्तरीला टेकलेली बाई मी, आणि चोरासारखी इकडेतिकडे बघत रुमालात थुंकायची. त्या रुमालाची मला शरम वाटायची, म्हणून तो मी इतर कपड्यांत टाकत नसे, वेगळा धुवायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं, की दोन बोटांएवढा तुकडा खा, त्या जेवणात भात कमी घ्या, नंतर एक फेरी मारून या, आणि खाताना घाबरू नका. ते बोलत असायचे आणि मला यांचं कापलेलं पाऊल दिसत असायचं. मग डॉक्टरांचं कोण ऐकतं?

यंदा मला कुणाकडे जायचंच नव्हतं. दुखवट्यातलं माणूस नव्या वर्षात कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. मी मनात म्हटलं, चला, यंदा रुमाल सुटला. पण मी गेले नाही तरी क्वे घरी चालत आल्या.

पहिली आली बोंगची मावशी. बोंगची म्हणजे नकोशी. चौथी मुलगी झाली म्हणून बापाने वैतागून ठेवलेलं नाव. ती नकोशी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि भाऊ, दीर, नवरा सगळ्यांना पुरून उरली आहे. क्वे शिजवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. तिच्या पाठोपाठ समोरची हायतांग आली, माशांचे गोळे विकणाऱ्याची बायको. तिच्या सुनेला कितीतरी वर्षांनी दिवस गेलेले, सातवा महिना चालू, त्यामुळे हायतांगच्या अंगात यंदा दुप्पट बळ. मग आणखी तीन घरं. प्रत्येकीकडून मी दोन्ही हातांनी ताट घेतलं, वाकले, डोळ्यांत पाणी आणलं, म्हणजे ते आपसूकच आलं. आणि दार लागताच प्रत्येक क्वे टेबलावर ठेवून वर फडकं टाकलं. कुणी कशी केली आहे हे मी नजर टाकूनही बघितलं नाही. मला ती डोळ्यांसमोरच नको होती.

दुसऱ्या दिवशी वेनछिंग आली. वेनछिंग माझी एकुलती एक. चाळिशी ओलांडली, तायचुंगला एका बुटांच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करते, लग्न केलेलं नाही, आणि बाप गेल्यापासून मला रोज फोन करते. फोनवर "जेवलीस का" विचारत नाही, "काय जेवलीस" विचारते. आल्या आल्या तिने साखर मोजायचं मशीन टेबलावर ठेवायला काढलं आणि जागा नाही म्हणून फडकं उचललं.

"आई, हे सगळं खाणार कोण?"

"तुझे बाबा," मी म्हटलं.

"आणि त्यांचं झाल्यावर?"

मी मशीनसाठी बोट पुढे केलं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी बाजारात गेले. ओली लसूण आणि वर्षाच्या शेवटच्या जेवणाची मोहरीची भाजी घ्यायची होती. परत आले तर टेबल मोकळं. खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं. एवढंच नाही, तर मी भाजीची जुडी त्या मोकळ्या टेबलावर ठेवली आणि मनात म्हटलं, बरं झालं. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवावं कळत नाही.

मग विचारलं, क्वे कुठे ठेवल्यास.

"देऊन आले," वेनछिंग म्हणाली. "ज्यांच्या त्यांना. नीट सांगून दिल्या. टाकून देण्यापेक्षा बरं ना? लोक खातील तरी."

मी खालीच बसले. दुखवट्याच्या घरात गेलेली वस्तू, आणि तीही सणाची, ही पोर पाच घरांच्या दारात परत घेऊन गेली होती. मी तिला विचारलं की दारातूनच दिल्यास ना. तर नाही. बोंगची मावशीकडे आत जाऊन टेबलावर ठेवली. हायतांगकडे कुणी ओ देईना, म्हणून थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे चुलीवर भांडं चढलेलं होतं.

क्वे वाफेवर असताना त्या खोलीत मोठ्याने बोलत नाहीत, "झाली का" म्हणून विचारत नाहीत, आणि दुखवट्यातल्या माणसाची तर सावलीही पडू देत नाहीत. ही बाप मेलेली मुलगी चुलीजवळ उभी राहून हायतांगला समजावत होती, की आईला साखर आहे, तुमचं प्रेम कळतं, पण नको. आणि निघताना म्हणाली, "बाबांच्या बाबतीत झालं तेवढं पुरे आहे, काकू." मला हे वाक्य तिनेच सांगितलं, आपण किती सभ्यपणे बोललो ते दाखवायला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं, की हायतांगची क्वे शिजली नाही. सकाळपासून वाफेवर होती, तीनदा पाणी घातलं, कडा धरल्या आणि मध्ये काडी घातली की पांढरं पीठ. क्वे कच्ची राहणं म्हणजे पुढचं वर्ष कच्चं, आणि त्या घरात सातव्या महिन्याची सून. कुणी आमच्या दारात येऊन भांडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडणाला मी कमी नाही. पण कुणी आलं नाही. कचऱ्याची गाडी आली तेव्हा सगळ्या बायका पिशव्या घेऊन बाहेर उभ्या होत्या. मी गेले, तशी बोलणी थांबली आणि माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली. चाळीस वर्षं या गल्लीत काढली, कधी कुणी माझ्यासाठी एवढी जागा सोडली नव्हती.

येताना मला क्वे दिसल्या. पाचही दारांबाहेर, कुणाच्या कट्ट्यावर, कुणाच्या स्टुलावर, एकेक ठेवलेली. बरोबरच होतं त्यांचं. गेलेली क्वे परत घरात घेता येत नाही आणि तांदळाचं अन्न कचऱ्यात टाकवत नाही. म्हणून ती बाहेर. जाणारा येणारा बघत होता आणि कुणाची, कुठून आली, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं. उद्याच वर्षाचा शेवटचा दिवस. यांचं पहिलंच वर्ष, आणि यांच्या फोटोपुढे ठेवायला क्वे नाही. शिजवायची नाही, आणायची नाही, आणि ज्यांनी दिली त्यांच्या तोंडावर फेकून आलो. जिवंतपणी आठ वर्षं माणसाने गोडाकडे पाठ केली. मेल्यावर तरी ताटात पडावं, तर तेही नाही.

दिवे लागायच्या वेळेला बोंगची मावशी आली. आत आली नाही, फाटकाशीच काठी टेकून उभी राहिली आणि वेनछिंगला बाहेर बोलावलं. मला वाटलं, आता पोरीची खरडपट्टी निघणार. पण तिने शांतपणे कामं सांगितली. बाजारातून लाल कापड आण. हायतांगच्या दारावर ते बांधलं की आत गेलेलं वाईट बाहेर येईल. पण तू बांधायचं नाहीस, तुझा हात चालत नाही, मी बांधीन. हायतांगला मी सांगते, चूल विझव, राख काढ, नव्याने पेटव, क्वे शिजेल. वेनछिंग मान हलवत होती. मग मावशी म्हणाली, की सकाळी त्या क्वे उचलून घरी आण.

वेनछिंगने हळूच विचारलं, "आजी, थोडा अंधार पडला की आणू?"

"अंधारात चोर उचलतात," मावशी म्हणाली. "तू उजेडात नेल्या होत्यास ना? उजेडात आण."

सकाळी लाल कापड घेऊन आम्ही दोघी हायतांगच्या दारासमोर रस्त्यात उभ्या राहिलो. ऐंशीच्या पुढची म्हातारी स्टुलावर चढून दारावर कापड बांधत होती, आणि माझी धडधाकट मुलगी खाली हात बांधून बघत होती, कारण तिचा हात अपशकुनी. गल्लीतली प्रत्येक खिडकी उघडी होती. वेनछिंगचे कान लाल झाले होते. मी आयुष्यात इतकी लाजले नव्हते, आणि तिची दया येत होती, आणि राग तर होताच.

मग क्वे. पहिल्या घरापाशी ती वाकली, उचलली, बंद दाराकडे बघून "चुकलं" म्हणाली. दुसऱ्या घरी तेच. मी परात धरून मागे चालत होते. तिसऱ्या घरच्या कट्ट्यावरची क्वे रात्रभर उघडी पडली होती, तरी तिला एक मुंगी लागली नव्हती. मला वाटलं, परत गेलेल्या क्वेला मुंगीसुद्धा शिवत नाही.

हायतांग मात्र दारात उभी होती, लाल कापडाखाली. मी तिची माफी मागितली. म्हटलं, पोरीला कळलं नाही, पण मला कळायला हवं होतं, मी घरात असते तर हे झालं नसतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"वेनछिंग," ती म्हणाली, "त्या रात्री अँब्युलन्स गल्लीत वळेना, तेव्हा तुझ्या बाबांना पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत कोण धावलं, ते आईला विचार. आणि मग मला सांग, आम्ही त्यांना काय केलं ते."

वेनछिंगला हे ठाऊक नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं. हायतांगचा नवरा तेव्हा अनवाणी धावला होता. वेनछिंगने क्वे उचलली, "चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, आणि तशीच वाकून उभी राहिली. हायतांगने दार लावलं, पण आपटलं नाही.

घरी आल्यावर पोर स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मी भाजी निवडायला घेतली, काहीतरी हाताला हवं म्हणून. मग ती बोलू लागली. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तिला बाबांच्या उशाखाली चॉकलेटचा कागद सापडला होता. एकच, बोटाएवढा. ती नर्ससमोर त्यांच्यावर ओरडली.

"बाबा मला 'चुकलं' म्हणाले, आई. मला. हात जोडून म्हणाले."

मी तिच्याजवळ बसले. तीही भीतीनेच वागली होती, जसं मी भीतीने फडकं टाकलं होतं, जसे हे भीतीने उशाखाली कागद लपवत होते. एका घरात तीन शहाणी माणसं, आणि एका तुकड्याला घाबरून एकमेकांपासून तोंड लपवत होती. हे सांगताना मला आजही लाज वाटते. आजारापेक्षा आमची ती लपवालपवी जास्त वाईट होती.

दुपारी यांच्या फोटोपुढे पाचही क्वे मांडल्या. भात, मासा, भाजी, दारूचे तीन पेले. उदबत्ती लावली. वेनछिंगने डोकं टेकलं ते कितीतरी वेळ वर केलं नाही. उदबत्ती अर्धी जळाल्यावर मी लाकडाच्या दोन तुकड्यांचा कौल टाकला, खाऊन झालं का म्हणून. एक उताणा, एक पालथा. म्हणजे झालं. जिवंतपणी हा माणूस जेवायला तास लावायचा.

आता आमची पाळी. मी बोंगची मावशीची क्वे घेतली. सुरीला तेल लावून दोन बोटांएवढे दोन तुकडे कापले आणि तव्यावर परतले. त्या वेळी भात वाढलाच नाही. तळवे ओले झाले होते. वेनछिंगचंही लक्ष माझ्या हाताकडे होतं. मी डोळे मिटले आणि घास घेतला.

गोडच नव्हती.

मला वाटलं, माझी जीभ गेली. पुन्हा चावलं. तांदळाची चव, वाफेची चव, अगदी मागून कुठेतरी साखरेची नुसती चाहूल. मी हायतांगची कापली. तीही तशीच. तिसरी तशीच. तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट बघितलं. नेहमीची क्वे गडद, काळपट चॉकलेटी असते. या पाचही फिक्या होत्या, पेजेत बोट बुडवून रंग दिल्यासारख्या, आणि तळहाताएवढ्याच. साखर कमी घातली की क्वे नीट धरत नाही, फार जपून शिजवावी लागते, आणि घरच्या मोठ्या क्वेबरोबर एका भांड्यात होत नाही. पाच घरांनी सणाच्या गडबडीत माझ्यासाठी वेगळं पीठ कालवून वेगळं भांडं चढवलं होतं. आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता, कारण सणाच्या गोडाबद्दल "कमी" हा शब्द उच्चारत नाहीत. बघणाऱ्याला बघितल्यावर कळलं असतं. मी तर फडकं टाकलं होतं.

वेनछिंगने तिचा तुकडा खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. ती रडत होती आणि चावत होती, आणि क्वे इतकी चिकट की दोन्ही एकदम नीट जमेना. मी म्हटलं, आधी गीळ. मग आम्ही दोघींनी मान खाली घालून आणखी एकेक तुकडा खाल्ला. मला भीती वाटली नाही. भीतीला जागाच नव्हती, सगळी जागा शरमेने घेतली होती.

सगळ्यात वाईट हे, की कुणाला जाऊन सांगताही येत नव्हतं. आता घरोघर चुलीवर भांडी चढलेली, आणि नवं वर्ष लागलं की आम्ही घराबाहेर कुणाच्या दारात जायचं नाही. ज्या बायकांच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं, त्यांच्या दारापर्यंत जाणंही त्यांना अपशकुन.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी वेनछिंगने माझं बोट टोचलं, आकडा बघितला, मला दाखवला आणि मशीन पिशवीत ठेवलं. मी क्वेचा एक तुकडा परतून बशीत घेतला आणि पुढचं दार सताड उघडून दारातच खुर्ची टाकली. गल्लीतून लोक नवे कपडे घालून देवळात निघाले होते. दुखवट्याच्या घराला नववर्षाच्या शुभेच्छा देत नाहीत, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. पण जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं, की मी, ल्वान म्हातारी, उजेडात बसून क्वे खाते आहे. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

हायतांग सुनेला घेऊन बाहेर आली. सून पोट सावरत पुढे गेली. हायतांग आमच्या फाटकापासून चार हात लांब थांबली, बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, क्वे गोड झाली होती ना?"

"फार गोड," मी म्हटलं.

"सणाच्या दिवशी खोटं बोलू नका," ती म्हणाली, आणि पूजेची टोपली सावरत सुनेच्या मागे निघून गेली.

माझ्याने मान वर करवेना. बशीत अर्धा तुकडा उरला होता. तो मी तिथेच दारात बसून सावकाश चावून खाल्ला.